ओळख पटली, पण दार उघडेना

इस्लामपूरच्या एका भगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. (ह्या गांवास ईश्वरपूर हें नांव देण्याचा निर्णय राज्य शासनानें २०२५ सालीं जाहीर केला, पत्रावर मात्र जुनेंच नांव आहे.) यजमानांचें करसल्लागाराचें कार्यालय, पांच संगणक, आणि हिशेबाचें काम ह्या बाईंकडे. एके सकाळीं त्यांचें लॉगिन नेहमीप्रमाणें झालें, पण सामायिक फोल्डरांतील चालू वर्षाच्या खातेवह्या उघडेनात. परवानगी नाहीं, एवढेंच उत्तर. संगणकांची व्यवस्था पुतण्याकडे. विवरणपत्रांची मुदत तोंडावर आलेली, आणि त्यांतच 'आपणांस मुद्दाम बाहेर ठेविलें' हा संशय घरांत शिरला. यंत्राचा प्रश्न लहान आहे. संशयाचा नाहीं, म्हणून सविस्तर लिहितों.

संगणक दोन प्रश्न निरनिराळे विचारतो: तुम्ही कोण, आणि येथें तुम्हांस काय करण्याची मुभा आहे. वाड्याच्या दिंडीदरवाजावर ओळख पटली म्हणून कोठीची किल्ली कोणी हातीं देत नाहीं. बाईंची ओळख पटली होती. अडलें तें कोठीपाशीं.

पत्रांत त्यांनीं एक गोष्ट ओघांत लिहिली आहे, तीच आमच्या मतें कळीची. आदल्या दिवशीं पुतण्यानें त्या वह्या मुख्य संगणकावरील आपल्या फोल्डरांतून सामायिक फोल्डरांत हलविल्या. विंडोजमध्यें एकाच डिस्कवर फाइल हलविली तर ती जुन्या जागेचे अधिकार बरोबर घेऊन येते. नक्कल केली तर नव्या जागेचे घेते. सासरीं आलेल्या पेटीस माहेरचें कुलूप, असा हा प्रकार! पुतण्यास त्या फाइली उघडत होत्या, तेव्हां त्याच्या हें ध्यानींही आलें नसेल. त्यास दोष देण्यापूर्वीं हें घरांत सर्वांस वाचून दाखवावें.

उपाय असा. पुतण्यानें व्यवस्थापकाच्या खात्यानें मुख्य संगणकांत शिरावें, सामायिक फोल्डराच्या 'प्रॉपर्टीज'मधून 'सिक्युरिटी' व पुढें 'ॲडव्हान्स्ड' येथें जावें, आणि वरचे अधिकार आंतील सर्व फाइलींस लावण्याची खूण करावी. तत्पूर्वीं वह्यांची एक प्रत बाहेर काढावी. आंत एखादें खाजगी दप्तर असेल तर तें आधीं हलवावें, नाहींतर तेंही सर्वांस खुलें होईल.

एवढ्यानें न भागल्यास पाहावें कीं कुलुपें दोन असतात: एक फोल्डर जाळ्यावर सामायिक करतांना लाविलेलें, दुसरें डिस्कवरील फोल्डराचें. दोहोंपैकीं जें अधिक कडक, तेंच चालतें. मनुष्य अनेक गटांत असला तर त्याचे अधिकार एकत्र होतात, पण त्याच फोल्डरावर कोठें स्पष्ट 'नकार' लिहिला असेल तर तो इतर परवानग्यांस भारी पडतो. गटांत नवीन नांव घातल्यावर त्या व्यक्तीनें एकदां बाहेर पडून पुन्हां लॉगिन करावें. हें विसरल्यामुळें कित्येक तास फुकट जातात. आणि परवानगी नाकारण्याऐवजीं संगणक पुन्हां पुन्हां नांव व पासवर्ड मागूं लागला, तर दुखणें निराळें. लहान कार्यालयांत प्रत्येक संगणकाची नांवनिशी स्वतंत्र असते. आपल्या यंत्रावर पासवर्ड बदलला तरी मुख्य यंत्रास जुनाच ठाऊक असतो.

कोणा जाणत्यानें त्यांस सल्ला दिला कीं सर्वांस पूर्ण अधिकार द्यावे, किंवा व्यवस्थापकाचें एकच खातें सर्वांनीं वापरावें. आम्ही ह्यास साफ विरुद्ध आहों. खंडणीखोर विषाणू एका यंत्रांत शिरला कीं त्या खात्यास जेथें लिहितां येतें, तेथील सर्व कागद तो कुलूपबंद करतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या प्रणालींत प्रत्येक फेरफाराची नोंद राहणें नियमानें आवश्यक झालें आहे. चौघांचें खातें एक असेल तर त्या नोंदींत चौघांची लबाडीही एकाच नांवावर, आणि सचोटीही! वारणानगरच्या योजनेनें १९९८ सालीं कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवें संगणकानें जोडावयास घेतलीं. त्या मुलुखांत आज तरी अशी सबब कोणी सांगूं नये.

एक गोष्ट राहिली. कारकून सोडून गेला तर त्याचें खातें पुसूं नये, बंद करून ठेवावें. पुसून त्याच नांवानें पुन्हां उघडलें तर आपणांस तें तेंच दिसतें, पण संगणकाच्या लेखीं मनुष्य निराळा. जुने अधिकार एकही त्यास मिळत नाहींत, आणि सारी मांडणी पहिल्यापासून करावी लागते.