वेस नाही, दार नाही, कमान मात्र पाहिजे

गेल्या जुम्म्याला असरच्या नमाजनंतर चार मुलं दारात आली. एकाच्या हातात पावतीपुस्तक होतं. चौघांपैकी तिघांना मी सहावी-सातवीत शिकवलेलं, म्हणून जरा संकोचत, एकमेकांना पुढे ढकलत उभी होती. शेवटी एकजण म्हणाला, "आपा, मोहल्ल्याच्या तोंडाशी कमान करायचं ठरलंय. तुमची पाचशेची पावती फाडू का?"

मी म्हटलं, आधी कमान तर दाखवा. त्याने मोबाईल पुढे केला. दोन बाजूंना मिनार, मध्ये घुमट, हिरवा आणि सोनेरी रंग. वर उर्दूत 'खुश आमदीद', त्याखाली मराठीत 'सुस्वागतम्'. आणि या दोन्हींपेक्षा मोठ्या अक्षरांत 'सौजन्य' म्हणून एका इच्छुक उमेदवाराचं नाव. उर्दूत 'खुश' लिहिताना मध्ये एक वाव येतो, तो उच्चारत नाहीत पण लिहितात. कमानीवर तो गायब होता. उमेदवाराच्या नावातलं मात्र एकही अक्षर चुकलं नव्हतं.

मी पावती फाडू दिली नाही. मुलं नाराज झाली. जाताना एकाने विचारलं, "आपा, सगळ्यांच्या कमानी आहेत. आपलीच का नको?"

त्याला दारात उभ्या उभ्या धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितेय.

प्रश्न खोटा नाही. नाशिक फाट्यावरून चाकणच्या बसमध्ये बसा आणि कमानी मोजत जा. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी, कुरुळी, आळंदी फाटा. गावाची कमान, गावातल्या आळीची कमान, देवस्थानाची कमान, कुणाच्या स्मरणार्थ उभारलेली कमान. सोसायट्यांची प्रवेशद्वारं तर रोमन खांबांची. एवढ्या कमानींतून गेल्यावर आपण चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत अडकून बसतो, हा भाग वेगळा. या सगळ्यात आपल्या मोहल्ल्याचं नाव कुठेच दिसत नाही, हे त्या मुलाला खुपतं. मलाही खुपतं. पण दुखतंय एकीकडे आणि मलम दुसरीकडे, असं व्हायला नको.

आधी कमान म्हणजे काय ते पाहू. शब्द फारसी आहे, मूळ अर्थ धनुष्य. दरवाजा हा शब्दही फारसीच. वेस मात्र इथल्या मातीतली. पूर्वी गावाला वेस होती म्हणजे तिला काम होतं. रात्री ती बंद व्हायची, पहाटे उघडायची, आणि आलं-गेलं कोण हे तिथे कळायचं. चाकणचाच संग्रामदुर्ग घ्या. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. मोगलांना तो दारातून घेता आला नाही, शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला खिळे आहेत ते शोभेसाठी नव्हेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. दाराला भिंत असते, भिंतीच्या आत माणसं असतात, आणि दार त्यांच्यासाठी उघडतं किंवा मिटतं.

आजच्या कमानीला ना भिंत, ना फळी, ना कडी. ती न उघडते, न मिटते. डावीकडून जा, उजवीकडून जा, काही फरक पडत नाही. मग ती करते काय? नाव वर धरून उभी राहते, एवढंच. आणि जिच्या खऱ्या वेशीवर एवढी लढाई झाली, त्या संग्रामदुर्गाची तटबंदी पडझड होऊन उभी आहे. रस्त्यावर नव्या कमानींचा रंग मात्र दर निवडणुकीला ताजा.

स्वागताच्या कमानीचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना आपल्या मुंबईतच आहे. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरला, त्याच्या स्वागताची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया. पण बादशहा आला तेव्हा बांधकाम सुरूही झालं नव्हतं. त्याने पाहिला तो पुठ्ठ्याचा नमुना. पिवळ्या बेसॉल्टची खरी इमारत पूर्ण झाली १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची शेवटची पलटण त्याच कमानीखालून निघून गेली. ज्याच्यासाठी बांधली तो तिच्याखालून कधी आलाच नाही आणि ज्यांनी बांधली ते तिच्याखालून परत गेले. आमच्या इच्छुक उमेदवाराला हा इतिहास कुणीतरी सांगायला हवा.

कुणी म्हणेल, आपा, तुम्हाला आपल्या वास्तूंचा अभिमान नाही का? आहे. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. तिथला भडकल दरवाजा मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये बांधला. तो पाहताना आजही मान वर जाते. पण मलिक अंबर दरवाजा बांधून थांबला नाही. त्याच शहरासाठी त्याने नहर-ए-अंबरी खणली, जमिनीखालून खापराच्या नळांनी पाणी आणलं. दरवाजा त्याच्या विजयाचा होता, नहर सगळ्यांची. लोक शतकानुशतकं त्या नहरीचं पाणी प्यायले. आपल्याला मलिक अंबरकडून एकच काही घ्यायचं असेल, तर यातलं काय घ्यायचं?

आता त्या मुलाच्या प्रश्नातला खरा काटा. कमान ही इज्जतीची गोष्ट झाली आहे, आणि ज्यांना इज्जत नाकारली गेली त्यांना ती हवीशी वाटणारच. मिरज तालुक्यातलं बेडग आठवा. जून २०२३ मध्ये तिथली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची कमान पाडण्यात आली. तिथले आंबेडकरी लोक बायका-मुलांसह गाव सोडून मुंबईच्या दिशेने पायी निघाले. एका कमानीसाठी? नाही. जुन्या गावगाड्यात वेशीची राखण येसकराकडे, म्हणजे महाराकडे होती. रात्री वेस लावायची त्याने, पहाटे उघडायची त्याने, आणि राहायचं मात्र वेशीबाहेर. ज्यांच्या वाडवडिलांनी गावाची दारं राखली, त्यांच्या नावाचं एक दार गावाला सहन झालं नाही. बेडगच्या लोकांना मी कोणत्या तोंडाने सांगू की कमान फालतू गोष्ट आहे? त्यांची मागणी समान वागणुकीची होती आणि ती रास्त होती. बाकीच्यांच्या कमानी उभ्या असतील, तर त्यांचीच का पाडली?

म्हणून माझं म्हणणं 'त्यांच्या असू देत, आपल्या नकोत' असं नाही. माझं म्हणणं आहे की नियम एक असावा, आणि तो नियम आहेसुद्धा. १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं की सार्वजनिक रस्त्यावर, पदपथावर पुतळा किंवा कसलंही बांधकाम उभारायला यापुढे परवानगी देऊ नका. कमानीचे दोन पाय नेमके कुठे येतात? पदपथावर. म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, बाबागाडी ढकलणारी आई, सगळी त्या पायाला वळसा घालून रस्त्यावर उतरतात.

आपल्या शहराने नियमाची दुसरी बाजूही पाहिली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने काही दिवसांत हजारो शेड, गोदामं आणि छोटी वर्कशॉप जमीनदोस्त केली. ती अनधिकृत होती, असं सांगितलं गेलं. त्या वादात मी आत्ता शिरत नाही. माझं म्हणणं इतकंच की ज्यांच्या पत्र्याखाली रोजी होती त्यांना नियम कळला. ज्यांच्या कमानीखाली फक्त नाव आहे, त्यांना तो कधी कळणार? आणि कुदळवाडीत ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यात आपले कितीतरी लोक होते. नियम काय असतो हे ज्यांनी एवढी किंमत मोजून शिकलं, त्यांनीच रस्त्यावर बिनपरवाना कमान उभी करायची? उद्या ती पाडायला बुलडोझर आला तर आपण 'अन्याय' म्हणून ओरडणार, आणि बेडगसारखा खरा अन्याय होईल तेव्हा आपलं कुणी ऐकणार नाही.

जीवाचीही गोष्ट आहे. १७ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी किवळ्याला वादळी वारा सुटला, रस्त्याकडेचं लोखंडी होर्डिंग कोसळलं आणि आडोशाला थांबलेली पाच माणसं गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात घाटकोपरला तसंच झालं, तिथे सतरा गेले. होर्डिंग आणि लोखंडी सांगाड्याची कमान यांत वाऱ्याच्या दृष्टीने फार फरक नाही. पत्रा वारा धरतो, आणि पाया कच्चा असेल तर सांगाडा उन्मळतो. पावतीपुस्तकावर चंद्याचा हिशेब होता. पाया किती खोल, वाऱ्याचा दाब कुणी मोजला, इंजिनियरची सही कुणाची, याला रकाना नव्हता.

आणि स्वागत कुणाचं? पिंपरी-चिंचवड हे आलेल्या माणसांचं शहर आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, मग मोठाले कारखाने. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही चार गावं मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ ला लोकसंख्या दहा लाख, २०११ ला सतरा लाखांवर. माझे अब्बाही मराठवाड्यातून एक पत्र्याची पेटी घेऊन याच शहरात उतरले. आज चाकणला रात्रपाळी करणारं पोरगं बिहारमधून येतं, लातूरमधून येतं. त्याच्यासाठी 'सुस्वागतम्' म्हणजे काय? भाड्याने खोली मागितली की नाव विचारून दार लावून घेतात, ते? बसथांब्यावर छप्पर नाही, ते? हायवेवर बाईमाणसाला जायला स्वच्छतागृह नाही, ते? स्वागत कमानीवर लिहून होत नाही.

स्वागत कसं असतं तेही इथेच पाहायला मिळतं. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तिथे अभंग होतो, आरती होते, आणि मग पालखी पुढे आकुर्डीकडे निघते. तिथे पालखी थांबते ती कमान पाहून नाही, नातं आहे म्हणून. पुढे रस्ताभर इच्छुकांच्या कमानी वारकऱ्यांचं स्वागत करतात. पण वारकरी लक्षात ठेवतो तो ज्याने पाण्याचा पेला हातात दिला त्याला.

आता आपल्या घरातलं बोलते, कारण दुसऱ्यावर बोट दाखवणं सोपं असतं. ईद-ए-मिलादला गेट, उरुसाला गेट, कुणी हजहून आला की गेट, मदरशाच्या जलशाला गेट. दरवेळी चंदा, दरवेळी फ्लेक्स, दरवेळी फोटो. आणि त्याच मोहल्ल्यात आठवीनंतर मुली शाळा सोडतात, कारण पुढची शाळा लांब आणि बसचं भाडं परवडत नाही. माझ्या वर्गात दहा मुलांत एक शब्दकोश फिरतो. फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर अकबराने हजरत ईसांच्या नावाचं एक वचन कोरून घेतलं. आशय असा की दुनिया हा पूल आहे, त्यावरून पार व्हा, त्यावर घर बांधू नका. एवढा मोठा दरवाजा बांधणाऱ्यालाही त्यावर हे लिहावंसं वाटलं. आपण आपल्या कमानीवर 'सौजन्य' लिहितो.

आणि दीन काय सांगतो? रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं ही ईमानची एक शाखा आहे, असं हदीसमध्ये आलं आहे. बाजूला करणं. रस्त्यात आणून ठेवणं नव्हे. पाण्याची सबील, वाटसरूला सावली, मुलांना इल्म, हा सदका-ए-जारिया. माणूस गेल्यावरही त्याचा सवाब चालू राहतो. कमानीवरच्या नावाचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो.

तर मुलांनो, ऐका. तुमच्यात जोर आहे, चार घरं फिरायची लाज नाही, हिशेब लिहिता येतो. ही थोडी गोष्ट नाही. हे पावतीपुस्तक फेकू नका, फक्त त्यावरचं शीर्षक बदला. मोहल्ल्याच्या तोंडाशी बसथांबा आहे, त्याला छप्पर आणि बाक हवं. त्यासाठी प्रभाग कार्यालयात अर्ज करू. मसुदा मी मराठीत लिहून देते, पोहोच घेईपर्यंत तुमच्याबरोबर येते. बाजूला थंड पाण्याची सबील ठेवू. चंद्यातून मुलींच्या बसपासचे पैसे भरू. मोहल्ल्याचं नाव हवंच असेल, तर एक साधी पाटी लावू, उर्दूत आणि मराठीत. रिक्षावाल्याला वाचता येईल एवढी, पदपथ न अडवणारी, आणि खाली कुणाचंही सौजन्य नसलेली.

त्या पुस्तकातली पहिली पावती माझ्या नावाची फाडा. पाचशेची नाही, दोन हजारांची. आणि पाटी रंगवण्याआधी मजकूर मला दाखवून घ्या.