सत्ता गेली, सेवा राहिली

अधिकार गेल्यावर मनुष्यापाशी जे उरते, त्यावरूनच त्याच्या श्रद्धेची पारख होते, असे आम्ही मानतो. अमेरिकेचे जिमी कार्टर हे ख्रिस्ती भक्त या दृष्टीने मननीय होत. १९४६ साली ते नौदलात अधिकारी झाले, पाणबुडीवर राहिले. १९५३ साली पित्याच्या निधनानंतर गावी परतून त्यांनी भुईमुगाची शेती सांभाळली. १९७७ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९८१ साली, निवडणुकीत पराभूत होऊन, पुन्हा त्याच गावी आले. नव्वदी उलटल्यावरही तेथील चर्चमध्ये ते रविवारी बायबल शिकवीत आणि शिकविलेले हातांनी आचरीत.

२००६ साली, ब्याऐंशी वर्षांचे असताना, आपल्या लोणावळ्याजवळ ते गरिबांची घरे बांधीत होते. हा वसा मातेचाच. मातोश्री लिलियन यांनी अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीस येऊन रुग्णसेवा केली होती.

२९ डिसेंबर २०२४ रोजी शंभर वर्षांचे कार्टर निवर्तले. उपास्य भिन्न असेल, भक्तीची कसोटी एकच. वाचकहो, आज आरतीचे तबक धरणारे आपले हात उद्या कोणाचे गळके छप्पर शाकारतील?