कोण कोणत्या गोष्टीतला

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक आठ वर्षांचा मुलगा ताप घेऊन माझ्या दवाखान्यात आला. सोबत आई आणि आजी होत्या. ताप साधाच होता. घसा तपासून झाला, औषधे लिहून झाली आणि निघता निघता त्या मुलाने आजीची तक्रार केली, "डॉक्टरकाका, आजी गोष्टी मिक्स करते."

त्याची आई हसली. "टीव्हीचा परिणाम आहे, डॉक्टर. त्याच्या कार्टूनमध्ये भीम आणि कृष्ण एकत्र येतात की, त्यानं आईंचा गोंधळ होतो." आजींना आम्ही सारे आक्का म्हणतो. त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरून उठल्या. मीही हसलो. "वय झालं की थोडं व्हायचंच," असे म्हणून पुढच्या रुग्णाला आत बोलावले. जवळजवळ तीस वर्षांच्या व्यवसायात हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, त्याची मोजदाद नाही. या खेपेस ते चुकीचे होते.

(ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.)

ज्या वाचकांच्या घरी नातवंडे आहेत, त्यांना 'छोटा भीम' ठाऊक असेलच. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या संस्थेने तयार केलेली ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. ढोलकपूर नावाच्या काल्पनिक राज्यात राहणारा, लाडू खाल्ले की अंगात बळ संचारणारा हा बालभीम. त्याच संस्थेने बाळकृष्णावरही मालिका केली होती, आणि पुढे या दोघांची भेट घडवून आणणारे विशेष भाग निघाले. दोन स्वतंत्र मालिकांतील पात्रे एका कथेत एकत्र आणण्याच्या या प्रकारास 'क्रॉसओव्हर' म्हणतात. संध्याकाळच्या मराठी मालिका पाहणाऱ्या आजींना वेगळे सांगायला नको. तिथे त्याला 'महासंगम' म्हणतात आणि त्यात बहुधा एखादे लग्न मोडते किंवा जमते.

मुलांना या भागांचे विलक्षण आकर्षण असते. अमेरिकेत १९८७ साली पाषाणयुगातील फ्लिंटस्टोन कुटुंब आणि अंतराळयुगातील जेट्सन कुटुंब यांची गाठ एका चित्रपटात घालून दिली गेली. २१ एप्रिल १९९० रोजी तर अमेरिकेतील एकमेकांच्या स्पर्धक वाहिन्यांनी एकाच दिवशी एकच कार्यक्रम दाखवला. बग्ज बनी, विनी द पू, गारफिल्ड, स्मर्फ्स अशी निरनिराळ्या कंपन्यांची पात्रे त्यात एकत्र येऊन अमली पदार्थांच्या नादी लागलेल्या एका मुलाला सावरतात. आरोग्यशिक्षण म्हणून त्याचा उपयोग किती झाला असेल याविषयी मला शंका आहे. ससा समजावतो म्हणून कोणी व्यसन सोडल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही. पण सशाशेजारी मांजर, आणि तीही परक्या कंपनीची, हे पाहून मुले हरखली असणार.

आपल्याकडे मात्र हा प्रकार टीव्हीच्या फार आधीचा आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदीला सौगंधिक कमळाचा मोह पडतो. ते आणायला निघालेल्या भीमाला केळीच्या बनात एक म्हातारे वानर वाट अडवून पडलेले दिसते. 'शेपूट बाजूला कर आणि जा' असे ते सांगते आणि दोन्ही हातांनी जोर लावूनही भीमाला ते शेपूट हलत नाही. ते वानर म्हणजे हनुमान. रामायणातला वीर महाभारतात येऊन आपल्याच धाकट्या भावाची घमेंड उतरवतो, कारण दोघेही वायुपुत्र. तसाच जांबवान. रामाच्या सैन्यातला हा वृद्ध अस्वलराज स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी २८ दिवस झुंजला, अशी भागवतातील कथा आहे. गणेश चतुर्थीला चुकून चंद्र पाहणाऱ्याला आजही घरोघर ही कथा ऐकवतात.

आक्कांची आवडती गोष्ट शेपटाची. मुलाला, त्याच्या वडिलांना, त्यांच्याही भावंडांना त्यांनी ती शेकडो वेळा सांगितली होती. नातू भीम आणि कृष्णाचा भाग पाहत बसला की त्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगत, "अरे, ते नुसते दोस्त न्हाईत. कुंती ही कृष्णाची आत्या. भीम त्याचा आतेभाऊ लागतो." आणि मुलगा ज्याला मिसळणे म्हणत होता, ते असे होते: अलीकडे त्यांच्या गोष्टीतले शेपूट कधी कृष्णाचे होई, तर कधी भीम लंका जाळून येई.

आता यातले शरीरशास्त्र पाहू. आपण एखादी गोष्ट लक्षात ठेवतो तेव्हा मेंदू दोन कामे करतो. काय घडले ते साठवतो आणि ते कोठून कळले, कोणाच्या संदर्भात घडले, याचीही खूण ठेवतो. या दुसऱ्या कामात मेंदूच्या पुढच्या भागाचा वाटा मोठा असतो. वयोमानानुसार ही खूण थोडी पुसट होतेच. अमुक बातमी आपण 'पुढारी'त वाचली की शेजाऱ्यांनी सांगितली, हे मलाही हल्ली आठवत नाही. एखादे नाव ओठांवर येऊन अडावे आणि तासाभराने न्हाणीघरात आठवावे, यातही काळजीचे कारण नाही. परंतु आयुष्यभर मुखोद्गत असलेली गोष्ट, नेहमीच्या आमटीची कृती, रोजच्या देवळाची वाट यांची चौकटच निसटू लागली आणि ती निसटली आहे हे त्या व्यक्तीच्या ध्यानीही येत नसेल, तर तो प्रकार निराळा.

दोन मालिकांच्या भेटीत आठ वर्षांच्या मुलाला गंमत वाटते ती कशामुळे? हा ढोलकपूरचा आणि तो वृंदावनाचा, हे त्याला पक्के ठाऊक असते म्हणून. आक्कांच्या हातून नेमके तेच निसटत होते, आणि घरात ते ओळखणारा एकटा तोच होता. मोठी माणसे आजीच्या गोष्टी ऐकतच नाहीत. त्यांना कळणार कसे?

नवरात्राच्या सुमारास सूनबाई एकट्याच आल्या. डोळे सुजलेले होते. आदल्या संध्याकाळी आक्कांनी टीव्हीसमोर पाट मांडून दोन ताटे वाढली होती. "पोरं लांबनं आल्यात, उपाशी कशी पाठवायची?" असे त्या पडद्याकडे बोट करून म्हणत होत्या. नातू आधी हसला, मग घाबरून आईला बिलगला. मुलगा कामावरून आला तो चिडून म्हणाला, "वेड लागलं काय, आई?" आक्का रात्रभर जेवल्या नाहीत.

पडद्यावरची माणसे खरोखर घरात आली आहेत असे वाटणे, हे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत आढळणारे ओळखीचे लक्षण आहे. कोणी बातम्या देणाऱ्या बाईंसमोर कपडे बदलायला लाजतात, कोणी आरशातल्या स्वतःलाच 'कोण आलंय?' असे विचारतात. मालिकेतला गोळीबार पाहून एक निवृत्त गृहस्थ दाराला कडी घालून बसत. दृष्टी अधू असेल, कानाला कमी ऐकू येत असेल आणि खोलीत अंधार असेल, तर हा भास बळावतो.

याच संदर्भात मला १९८१ सालची एक अमेरिकन भेट आठवते. फ्रेड रॉजर्स हे तेथील मुलांचे अत्यंत लाडके कार्यक्रमकर्ते. 'सेसमी स्ट्रीट'मधला बिग बर्ड हा अवाढव्य पिवळा पक्षी त्यांच्या कार्यक्रमात पाहुणा येणार होता. रॉजर्स यांची इच्छा अशी की, आत माणूस कसा असतो हे मुलांना उघड करून दाखवावे. तो पक्षी साकारणारे कॅरोल स्पिनी यांना ते मान्य होईना. अखेर तडजोड झाली आणि बिग बर्ड फक्त कार्यक्रमातल्या काल्पनिक नगरीत दिसला, रॉजर्स यांच्या घरात आला नाही. खरे घर आणि कल्पनेचे गाव यांच्यातली सीमा लहान मुलांच्या मनात अजून घडत असते, म्हणून तो गृहस्थ तिला इतका जपत होता. आक्कांच्या मनात तीच सीमा पुसट होत चालली होती.

मी आक्कांना दुसऱ्याच दिवशी बोलावले. असे लक्षण एक-दोन दिवसांत अचानक उद्भवले असेल, तर आधी मेंदूच्या बाहेर कारण शोधावे लागते: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, शरीरातले पाणी कमी होणे, झोपेची नवी गोळी, सर्दीवरची गुंगी आणणारी औषधे, पडून डोक्याला लागलेला मार. हे सारे तातडीचे असते. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आक्कांचे मात्र महिनोन्‌महिने हळूहळू चालले होते.

तपासणीत तीन गोष्टी सापडल्या. दोन्ही कानांत मळाचे खडे होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. आणि रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी होते. घर माळकरी, कोल्हापुरात राहूनही तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला न शिवलेले. दुधात बी-१२ असते, पण आक्कांच्या वाट्याला दूध चहापुरते, बाकीचे नातवाला. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बारा वर्षे आणि पित्तासाठी रोज पँटोप्रॅझोल सुरू. ही दोन्ही औषधे दीर्घकाळ घेतली असता बी-१२ घटू शकते. मेटफॉर्मिन मीच लिहून देत होतो आणि बी-१२ तपासून घ्यायला हवे होते तेही मीच. आपल्या घरी कोणी ही औषधे वर्षानुवर्षे घेत असेल, तर ती स्वतःहून बंद करू नका. पुढच्या भेटीत बी-१२ तपासायचे का, एवढे डॉक्टरांना विचारा. अशा तक्रारीत थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी. आक्कांची ती व्यवस्थित आली.

इंजेक्शने सुरू केली, कान साफ केले, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतली आणि त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. एक सूचना येथे आवर्जून करतो. भास होतात म्हणून ओळखीच्या दुकानातून 'डोके शांत करणारी' गोळी आणून देऊ नका. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात असे भास पुष्कळ होतात, आणि त्यात हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी रुग्ण एकाएकी ताठरतो, अंथरुणाला खिळतो.

घरच्यांशी मी पाऊण तास बोललो, मुलालाही बसवून घेतले. आक्कांनी ताट वाढले तर 'तिथे कोणी नाही' असा वाद घालायचा नाही. 'पाहुणे गेले, आता आपण बसूया' असे म्हणून टीव्ही बंद करायचा आणि त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात न्यायचे. दिवेलागणीला खोलीत भरपूर उजेड ठेवायचा, कारण हा गोंधळ संध्याकाळी वाढतो. त्या एकट्या असताना टीव्ही सुरू ठेवायचा नाही. मारामारीचे भाग नकोत. पाहायचे ते कोणीतरी शेजारी बसून. मुलांनी टीव्ही किती पाहावा हा निराळा आणि मोठा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. पण या घरात अर्धा तास कार्टून आजीसोबत पाहायचे आणि नंतर तीच गोष्ट दोघांनी मिळून सांगायची, असे मी सुचवले. मुलाने विचारले, "ती चुकली तर?" मी म्हणालो, "चुकलीस म्हणायचं नाही. पुढचं तू सांगायचंस."

त्याच्या वडिलांना मात्र मी वेगळे बोलावले. रागावणाऱ्या मुलाच्या मनात बहुधा भीती असते, हे मी जाणतो. ते बराच वेळ माझ्या टेबलावरचे वजन हातात फिरवत बसले आणि म्हणाले, "ती मला कधी विसरंल काय, डॉक्टर?" मी त्यांना खोटे आश्वासन दिले नाही. काय काय होऊ शकते आणि त्याला किती वर्षे लागू शकतात, ते सांगितले.

या गोष्टीस आता काही महिने झाले. ताटे वाढणे थांबले आहे. मोतीबिंदू निघाल्यापासून आक्का तांदूळ स्वतः निवडतात. तज्ज्ञांच्या मते बी-१२ची उणीव हे कारण होतेच, पण ते एकमेव नसावे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असण्याचा संभव आहे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करावी लागेल. अलीकडचे त्या विसरतातच. सकाळी गोळी घेतली की नाही, हे दुपारी आठवत नाही. त्यासाठी सूनबाईंनी वारांची डबी आणली आहे.

मागच्या आठवड्यात इंजेक्शनसाठी आल्या तेव्हा नातू बरोबर होता. सुई टोचायच्या आधी मी त्याला शेपटाची गोष्ट सांगायला लावली. केळीचे बन झाले, म्हातारे वानर झाले, भीमाने दोन्ही हात लावले. मग तो म्हणाला, "तेवढ्यात भीमाचा दोस्त कृष्ण..." आणि आक्का बाही वर करता करता थांबल्या.

"त्यो ह्या गोष्टीत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन्‌ दोस्त न्हाई, मामेभाऊ."