स्टॅबिलायझर काढून गाडी दादरला नेऊ नका



सणाचे दिवस जवळ आलेत. आपल्या जुन्नर भागातला झेंडू, शेवंती रात्री पिकअपमध्ये भरायचा आणि पहाटे दादरच्या फूल बाजारात उतरवायचा, हे आता रोजचंच. आणि गॅरेजवर तोच सल्ला परत ऐकू येतोय, "स्टॅबिलायझर तुटलाय ना, काढून टाका. गाडी मोकळी चालते."

हा सल्ला साफ चुकीचा आहे. जिवावर बेतणारा आहे.

स्टॅबिलायझर म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी स्प्रिंगच्या पोलादाची सळई. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की ही पिळली जाते आणि गाडी सावरून धरते. पण पाणंदीत एक चाक ट्रॅक्टरच्या चाकोरीत, दुसरं बांधावर. तिथं ती पावलापावलाला पिळते. बहुतेक वेळा आधी रबरी बुश जातात, मग लिंक रॉड, शेवटी सळई. खड्ड्यात पुढून टकटक वाजतं ते बऱ्याचदा यानंच.

डोंगरात हौसेनं गाड्या चालवणारे ही सळई सोडवतात, हे खरंय. पण डांबरीला लागायच्या आधी ते ती परत जोडतात. आपली गाडी पाणंदीतून निघते ती त्याच रात्री माळशेज उतरते. फुलं हलकी म्हणून आपण थप्पी केबिनच्या वर नेतो. वजन उंचावर, वळण उताराचं आणि सळई गॅरेजच्या कोपऱ्यात! गाडी उलटली तर ड्रायव्हरचा जीव कुठल्या बाजारभावानं मोजणार?

वेल्डिंगही नको. विळा तापवला की लोहारानं दिलेलं पाणी उतरतं, तसंच इथं होतं. जोडाच्या शेजारीच परत तुटते. सळई नवी टाका, बुश आणि लिंक दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

आता मूळ दुखणं. मालक ड्रायव्हरला शिव्या देतो, ड्रायव्हर गाडीला. पाणंदीला कोणीच काही बोलत नाही. कृषी अधिकारी साहेब, तुमचा सल्ला वाणापासून पॅकिंगपर्यंत असतो. शेतापासून डांबरीपर्यंतचा रस्ता कुठल्याच पत्रकात नसतो. उत्पादन खर्चात हा लिंक रॉड कधी धरणार?

आणि आपणही बांध कोरून पाणंद अरुंद करायची, मग खड्ड्यांच्या नावानं ओरडायचं, हे बंद करा. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. असलेला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. रस्ता खराब असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, मुरूम-खडीकरण मागा.

दरवर्षी लिंक रॉड बदलण्यापेक्षा एकदा पाणंद बदलू. तोवर सळई गाडीलाच राहू द्या.