शब्द परका, सही मात्र आपली

मालाची पारख करण्यात आपल्या समाजातील व्यापारी आणि कारागीर कोणाला हार जाणारे नाहीत. कापडाला हात लावताच सूत किती नंबरचे ते सांगणारे आपल्यात आहेत, शिवण पाहून कारागीर ओळखणारे आहेत. पण तोच जाणता माणूस इंग्रजीत छापलेला करारनामा समोर आला की न वाचता खाली सही करतो. दलालाने सांगितले, मुनीमजींनी मान हलवली, झाले! आमच्या मते आपले बरेचसे नुकसान बाजारात होत नाही, ते या सहीच्या जागी होते.

"कामापुरती इंग्रजी येते" असे आपण म्हणतो. अडचण नेमकी तिथेच आहे. बाजारातील इंग्रजी वेगळी आणि कागदावरची वेगळी. 'कंडिशन' हा शब्द घ्या. माल चांगल्या कंडिशनमध्ये आहे, असे आपण रोज बोलतो. पण १९३० च्या मालविक्री कायद्यात 'कंडिशन' म्हणजे सौद्याचा पायाच असलेली अट. ती मोडली तर खरेदीदार माल नाकारून सौदा रद्द करू शकतो. 'वॉरंटी' ही दुय्यम हमी. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. शिवाय कागदावर 'वॉरंटी' लिहिले म्हणून ती वॉरंटीच ठरते असे नाही. एकूण करार काय सांगतो ते पाहिले जाते. म्हणजे सगळा कागद समजला पाहिजे.

परदेशी माल पाठवणाऱ्यांसाठी तर एकेक शब्द पैशाचा आहे. लेटर ऑफ क्रेडिटवरचे व्यवहार सहसा 'यूसीपी ६००' या नियमावलीप्रमाणे चालतात. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिच्यात 'अबाउट' या साध्या शब्दाला पक्का अर्थ दिला आहे. 'अबाउट' एक हजार लुंग्या म्हणजे ९०० ते ११००. हा शब्द नसेल आणि माल नगांवर ठरला असेल, तर हजार म्हणजे हजारच. आणि 'अबाउट' फक्त नगांपुढे असून रकमेपुढे नसेल, तर जादा मालाचे पैसे त्या क्रेडिटवर मिळणार नाहीत.

तसाच 'अ‍ॅडव्हाइज' हा शब्द. शाळेत आपण त्याचा अर्थ 'सल्ला देणे' असा शिकलो. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ 'कळवणे'. अ‍ॅडव्हायझिंग बँक फक्त कळवते की तुमच्या नावाने क्रेडिट उघडले आहे. पैसे देण्याची जबाबदारी ती घेत नाही. कागदपत्रे बिनचूक असतील तर पैसे देण्याची हमी कन्फर्मिंग बँक घेते. या दोन शब्दांतला फरक न कळणारा व्यापारी निर्धास्त झोपतो, आणि तेच धोक्याचे आहे.

आता उच्चाराचे. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेली माणसे. उर्दूत 'स्टॉक' लिहिताना आधी अलिफ येतो, म्हणून तोंडातूनही 'इस्टॉक' येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण सुधारता येते. 'कन्साइनी' मधला ग आणि 'रिसीट' मधला प लिहिला जातो, बोलला जात नाही. 'गेज' आणि 'गॉझ' यांच्या स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे. पहिला होजिअरी मशीनच्या सुयांचे माप सांगतो, दुसरे झिरझिरीत कापड. फोनवर ऑर्डर देताना उच्चार चुकला तर समोरच्याच्या वहीत दुसरेच उतरते.

हे सारे परके आहे असे समजून दूर राहण्याचे कारण नाही. 'कॉटन' हा अरबी 'कुत्न', 'टॅरिफ' हा अरबी 'तअरीफ', 'मस्लिन' मोसूल शहरावरून, 'खाकी' आपल्या 'खाक'वरून, 'चिंट्झ' म्हणजे आपली छींट आणि 'डंगरी' तर मुंबईच्या डोंगरीवरून गेलेली. पूर्णगडसारख्या खाडीकाठच्या बंदरांतून माल गेला तसे शब्दही समुद्रापार गेले. मात्र मूळ आपले असले तरी आजचा अर्थ त्यांच्या कागदावरचा धरावा लागतो.

काहीजण म्हणतील, आता मोबाइल भाषांतर करून देतो. देतो खरे, आणि त्याचा उपयोग जरूर करावा. पण मोबाइल 'अबाउट'चा अर्थ 'सुमारे' सांगून मोकळा होईल. त्या शब्दामागची दहा टक्क्यांची सवलत आपल्यालाच माहीत असावी लागते.

मग शिकायचे कसे? जाडे पुस्तक घेऊन पहिल्या पानापासून पाठ करण्याच्या नादी लागू नये. चार दिवसांत उत्साह संपतो. आपलेच जुने इन्व्हॉइस, ऑर्डर आणि बँकेचे कागद काढावेत. आठवड्याला पाच शब्द पुरेत. वहीत प्रत्येक शब्दाचा उच्चार, आपल्या धंद्यातला अर्थ आणि त्याच कागदावरचे एक वाक्य लिहावे. अर्थासाठी मौलवी अब्दुल हक यांचा १९३७ चा इंग्रजी-उर्दू कोश आजही कामाचा आहे. उच्चार आणि वापरासाठी ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश घ्यावा. शिकणाऱ्यांसाठी हॉर्नबी यांनी तयार केलेला हा कोश ऑक्सफर्डने प्रथम १९४८ मध्ये काढला. घरात इंग्रजी शिकणारी मुलगी असेल तर तिच्यासमोर वही घेऊन बसण्यात कसला कमीपणा? कायद्याचा शब्द अडला तर वकिलाला विचारावे. पण काय विचारायचे ते तरी आपल्याला कळले पाहिजे.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, आणि ज्याच्यावर देणे आहे त्यानेच मजकूर सांगावा असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे आपण कशात बांधले जात आहोत ते बांधल्या जाणाऱ्याला ठाऊक असावे. आज आपला कागद इंग्रजीत लिहिला जातो, तर ती जबाबदारी इंग्रजीतही आपलीच. गावोगावच्या जमातींनी एक चांगला कोश आणून ठेवावा आणि रविवारी एक तास व्यापारी, शिंपी, रंगारी यांनी आपापले कागद घेऊन एकत्र बसावे. खर्च थोडा आहे. न समजता केलेल्या एका सहीची किंमत त्याहून कितीतरी मोठी असते.