उसनी साडी आणि लाल पायघड्या

आमच्या घरी आईचे शिलाई मशीन खिडकीपाशी आहे. त्याच्या खडखडाटातच माझा पाचवीपासूनचा सारा अभ्यास झाला. साडीला फॉल लावणे, पिको करणे, ब्लाऊज शिवणे हा आईचा उद्योग. तिचे शिक्षण चौथीपर्यंत आणि वडिलांचे त्याहून एक यत्ता कमी. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. तेव्हा 'फॅशन' या विषयावर ही काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. पण खरे सांगायचे तर गावात फॅशन उतरते ती प्रथम आईच्या मशीनवरच!

पूर्वी बायका मापाला जुना ब्लाऊज घेऊन येत. आता मोबाईल घेऊन येतात. "वहिनी, हिच्यासारखा गळा काढा," म्हणून फोटो पुढे करतात. फोटोत कोणी नटी लाल गालिच्यावर उभी असते. समारंभ कोणता, देश कोणता, हे आईला ठाऊक नसते. ती दोन बोटांनी फोटो मोठा करून बघते आणि म्हणते, "बाही फुगीर हाय, मीटरभर कापड लागंल. अस्तर बी घालावं लागंल." आईच्या दृष्टीने नटी, गालिचा, झगमगाट सारे बाजूला राहते आणि उरते ती फक्त शिवण. मला वाटते, फॅशनकडे पाहण्याची हीच खरी दृष्टी. पण ही दृष्टी मला फार उशिरा आली, आणि ती येण्याआधी माझ्या हातून जे घडले ते सांगण्यासाठीच हा लेख.

गेल्या वर्षीच्या 'साडी डे'ला मी आईची लग्नातली इरकल नेसून आले होते. लाल पदराची, हिरव्या अंगाची. आईने ती आदल्या रात्री इस्त्री करून ठेवली होती. कॉलेजच्या दारातच एका मैत्रिणीने विचारले, "अगं, ही तर तू चुलतबहिणीच्या लग्नात नेसली होतीस ना? स्टेटसला बघितली होती मी." तिच्या मनात वाईट काही नसेल. पण बाजूच्या चौघीजणी वळून पाहू लागल्या आणि मी पटकन बोलून गेले, "छे, ती वेगळी. ही मावशीने मुंबईहून आणली." एका वाक्यात दोन असत्ये! संध्याकाळी घरी आल्यावर आईने उत्सुकतेने विचारले, "कुणी इचारलं का गं, साडी कुणाची म्हून?" मी म्हटले, "नाही." हे तिसरे.

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. मी लपवले ते काय? चोरी केली नव्हती, कोणाचे काही बुडवले नव्हते. माझा अपराध एवढाच की एक साडी दोनदा नेसले, आणि तीही माझी स्वतःची नव्हती. जुने आणि उसने या दोन गोष्टींची एवढी लाज आम्हा मुलींना कोणी शिकवली? 'फॅशनने' असे सोपे उत्तर देऊन मी मोकळी झाले असते. पण नंतर या विषयाची माहिती वाचू लागले, आणि जे कळले त्याने मी थक्कच झाले.

पहिली गोष्ट हंगामाची. फॅशनच्या जगात वर्षाचे दोन मोठे हंगाम मानतात, वसंत-ग्रीष्म आणि शरद-शिशिर. न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस या चार शहरांत त्यांची प्रदर्शने भरतात. गंमत अशी की उन्हाळ्याचे कपडे सप्टेंबर-ऑक्टोबरात दाखवतात आणि हिवाळ्याचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे हा हंगाम हवेचा नव्हे, व्यापाराचा! दुकानदारांनी मागणी नोंदवावी, कारखान्यात माल तयार व्हावा, यासाठी सहा महिने हाताशी हवेत म्हणून ही योजना. आणि नवा हंगाम आला की अंगावरचा कपडा फाटलेला नसतानाही जुना ठरतो. तो जुना ठरला नाही, तर नवा विकणार कसा?

आमच्याकडे हंगाम नाहीत असे नव्हे. संक्रांतीला काळी साडी नेसतात, कारण थंडीत काळा रंग ऊब धरतो. उन्हाळ्यात सुती लुगडे बरे वाटते, आणि विरलेल्या लुगड्यांची गोधडी पावसाळ्यात अंगावर येते. हा हंगाम अंगाला कळतो. पण आता आपल्याकडेही दुसऱ्या जातीचे हंगाम शिरले आहेत. नवरात्रातले नऊ रंगच घ्या ना. ही काही पोथीतली आज्ञा नव्हे. गेल्या वीसेक वर्षांत वृत्तपत्रांतून ही प्रथा पसरली आणि आता तर ती धर्माचाच भाग वाटू लागली आहे. बायका एका रंगाच्या साड्या नेसून हसतखेळत कामाला जातात, त्यात आनंद आहे, हे मी नाकारीत नाही. पण ज्या बाईच्या पेटीत चारच साड्या आहेत तिने उरलेले पाच दिवस काय करावे?

दुसरी गोष्ट लाल गालिच्याची. ऑस्करच्या किंवा कानच्या समारंभात नट्या जे झगे घालून येतात ते त्यांनी विकत घेतलेले असतात, असे मला वाटे. तसे ते बहुधा नसतात! मोठमोठ्या शिवणगृहांनी ते त्या रात्रीपुरते वापरायला दिलेले असतात. दागिनेही पुष्कळदा तसेच. रात्र संपली की वस्तू परत. नटीला शोभा मिळते आणि देणाऱ्याला जाहिरात. त्यात चोरटेपणा मुळीच नाही, उलट, "आज कोणाचा झगा घातला आहेस?" हाच तिथला पहिला प्रश्न, आणि ती अभिमानाने नाव सांगते. मला कॉलेजच्या दारात तोच प्रश्न विचारला गेला होता. फरक एवढाच, की तिने खरे सांगितले आणि मी खोटे.

२०२२ साली न्यूयॉर्कच्या मेट गालाला किम कार्दाशियन मर्लिन मन्रोचा १९६२ सालचा झगा घालून आली. तो एका संग्रहालयाच्या मालकीचा होता. पायऱ्या चढून छायाचित्रे होईपर्यंतच तो तिच्या अंगावर होता. नंतर तिने त्याची नक्कल घातली. मेलेल्या नटीचा, साठ वर्षांचा जुना, तोही उसना झगा मिरवायला जगातली एवढी श्रीमंत बाई लाजली नाही! अशी जुनी वस्तू अंगावर घालून तिचे नुकसान करू नये, अशी टीका तिच्यावर झाली आणि ती रास्तही होती. पण जुने घातले म्हणून कोणी तिला हसले नाही.

आता पुन्हा नेसण्याविषयी. रिटा मोरेनो या अभिनेत्रीला १९६२ साली 'वेस्ट साइड स्टोरी' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. २०१८ साली ती त्याच समारंभाला पुन्हा आली ती तोच झगा घालून, फक्त गळा बदलून. छप्पन्न वर्षांनी! जेन फोंडाने २०१४ साली कानला घातलेला लाल झगा २०२० साली ऑस्करच्या मंचावर पुन्हा घातला. नवे कपडे आता विकत घेणार नाही, असे तिने आधीच जाहीर केले होते. वर्तमानपत्रांनी या दोघींचे केवढे कौतुक केले! आमच्या गावातल्या बायका तीच गोष्ट दर लगीनसराईत करतात. जुन्या ब्लाऊजचा गळा बदलून दे, बाही उसवून दे, म्हणून आईकडे येतात. त्याला मात्र नाव 'गरिबी'.

येथे कोणी म्हणेल, की श्रीमंताने जुने घातले तर ती हौस आणि गरिबाने घातले तर ती अडचण. दोन्हींची तुलना कशाला? आक्षेप खरा आहे. जेन फोंडाच्या कपाटात दुसरे झगे होते, माझ्या पेटीत दुसरी साडी नव्हती. म्हणूनच मला सर्वांत जवळचे वाटले ते उदाहरण आपल्या मराठी मुलखातलेच. २०२४ च्या मे महिन्यात पायल कपाडिया यांचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' हा चित्रपट कानच्या मुख्य स्पर्धेत होता. तीस वर्षांनी भारतीय चित्रपटाला तो मान मिळाला आणि ग्रां प्री हा पुरस्कारही मिळाला. त्यात काम करणाऱ्या छाया कदम त्या महोत्सवात आपल्या दिवंगत आईची साडी नेसून आणि तिचीच नथ घालून गेल्या. आईला विमानातून न्यायचे राहून गेले, निदान तिची साडी तरी आणली, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले होते. ते वाचले आणि मी मोबाईल खाली ठेवला. माझी आई तर शेजारच्या खोलीत पिको करीत बसली होती, आणि मी तिची साडी मावशीच्या नावावर खपवली होती!

कपड्याला काही अर्थच नाही, मुलींनी नट्टापट्टा सोडून पुस्तकात डोके घालावे, असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांशीही माझे जमत नाही. कपड्याला फार अर्थ आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे मुद्दाम या विषयावर भाषण केले. साडी वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या स्त्रियांप्रमाणे नेसा, जातीची खूण म्हणून अंगावर चढवलेले दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले आणि स्त्रियांनी ते ऐकले. त्यासाठी नवी साडी विकत घ्यावी लागली नाही; तीच साडी वेगळ्या रीतीने नेसली आणि मान ताठ झाली. वेशभूषेतला बदल म्हणावा तर असा! आणि भारतीय व्यक्तीला पहिले ऑस्कर मिळाले तेही कपड्यांसाठीच. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ साली 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ते मिळाले. आणि त्या चित्रपटात डोळ्यांपुढे राहतात ते खादीचे पंचे, धोतरे आणि साध्या साड्याच!

मराठीत लाल गालिच्याला आपण 'लाल पायघड्या' असेही म्हणतो. हा शब्द किती जुना आणि किती आपला आहे! तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत आजही परीट समाजाकडून धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात. तेथे मान पालखीचा, आणि कापड त्या मानासाठी अंथरलेले. आम्ही मात्र कापडालाच पालखीत बसवले आहे आणि माणसाला खाली अंथरले आहे.

हे केवळ शब्दांचे बोलणे नव्हे. आमच्या वर्गातली एक मुलगी दर वर्षी 'डेज'च्या आठवड्यात आजारी पडते. त्या आठवड्यापुरताच तिला ताप येतो. हजेरी बुडते, तास बुडतात, एकदा तर तिने निबंधाचे बक्षीसही मंचावर येऊन घेतले नाही. ताप कशाचा हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीच बोलत नाही. मी तर मुळीच बोलले नाही, कारण माझा ताप मी खोटे बोलून उतरवला होता.

म्हणून विद्यार्थी मंडळाला आणि आमच्या प्राध्यापकांना माझ्या दोन नम्र सूचना आहेत. एक, 'साडी डे'ला उत्कृष्ट वेशभूषेचे बक्षीस देणे बंद करावे. साडी नेसण्याचा आनंद बक्षिसावाचून कमी होत नाही. स्पर्धा मात्र कमी होते. दुसरी, लेडीज रूममध्ये एक कपाट ठेवावे. ज्यांच्या घरी जास्तीच्या साड्या आहेत त्यांनी त्या आठवड्यापुरत्या तेथे आणून ठेवाव्यात; ज्यांना हव्या त्यांनी उघडपणे न्याव्यात आणि धुऊन, इस्त्री करून परत आणाव्यात. कानला जी रीत चालते ती आपल्या लेडीज रूममध्ये का चालू नये? ब्लाऊज मापात करून द्यायला माझी आई तयार आहे. मी तिला विचारले आहे.

विचारताना तिला गेल्या वर्षीची सगळी हकीकतही सांगितली. ती रागावली नाही. दाताने दोरा तोडून म्हणाली, "मुंबईची म्हनलीस? बाजारातली हाय ती, तुझ्या आज्ज्यानं बैल इकून घेतलेली." हे मला आजवर माहीत नव्हते.

यंदाही मी तीच इरकल नेसणार आहे. मैत्रिणींनो, कोणाची म्हणून जरूर विचारा.

— द्वितीय वर्ष, कला