लोवेलच्या कापडाचा जमाखर्च

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून अमेरिकन स्त्रीविषयी मराठी वाचकाच्या मनात जो आदर रुजला आहे तो अस्थानी नव्हे. तथापि तिच्या उत्कर्षाची कथा आपल्याकडे ज्या ठशाने सांगितली जाते, म्हणजे १८४८ च्या सेनेका फॉल्सच्या परिषदेपासून निघावे, मताधिकाराच्या चळवळीची वाट धरावी आणि १९२० च्या घटनादुरुस्तीपाशी सुखरूप पोहोचावे, त्या ठशामुळे जणू एकच स्त्री एकाच घरातून निघून एकाच ध्येयाकडे चालली होती असा ग्रह होतो. हा ग्रह दूर करावयाचा तर परिषदांचे ठराव क्षणभर बाजूला ठेवून त्या काळचा एखादा सुती कापडाचा तागा हाती घ्यावा, असे मला वाटते. तो कापूस वेचणारी, त्याचे सूत काढणारी, ते विणणारी, शिवणारी, नेसणारी आणि अखेर धुणारी, या बहुतेक ठिकाणी स्त्रियाच होत्या. आणि एकीच्या जमेस जे दिसते ते पुष्कळदा दुसरीच्या खर्ची पडलेले असते.

फ्रान्सिस कॅबट लोवेल या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने इंग्लंडच्या प्रवासात तेथील यंत्रमाग नीट न्याहाळून घेतले, आणि कापसापासून कापडापर्यंतची सर्व कामे एकाच छपराखाली करणारी गिरणी त्याने व त्याच्या भागीदारांनी वॉल्थम येथे उभारली. १८१७ मध्ये तो वारला. पुढे भागीदारांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीच्या धबधब्यापाशी जे गिरणगाव वसवले त्याला त्याचेच नाव दिले, आणि १८२३ मध्ये तेथे पहिली गिरणी चालू झाली. मजूर म्हणून त्यांनी आणल्या न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या अविवाहित मुली. पुरुषांपेक्षा त्या कमी मजुरीत मिळत, हे उघड कारण. परंतु मँचेस्टरच्या गिरण्यांची दुष्कीर्ती ऐकून असलेले बाप लेकी पाठवण्यास सहजासहजी तयार होईनात, म्हणून कंपन्यांनी विधवा बायकांच्या देखरेखीखाली खाणावळी-वसतिगृहे चालवली, रात्री दहाला दार बंद करण्याचा आणि रविवारी चर्चला जाण्याचा दंडक घातला. एका बिछान्यात दोघी झोपत आणि एका खोलीत चौघी किंवा त्याहून अधिक. एवढे असूनही त्या मुलींना स्वतःची मजुरी प्रथमच रोख हाती मिळत होती, ही गोष्ट लहान नव्हे. कोणी बापाच्या शेतावरील गहाण फेडले, कोणी भावाच्या कॉलेजचा खर्च चालवला, कोणी स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडले. १८४० पासून त्यांचे 'लोवेल ऑफरिंग' हे मासिकही निघू लागले. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तेथे आला तेव्हा वसतिगृहांतील पियानो, फिरते ग्रंथालय आणि हे मासिक पाहून थक्क झाला. त्याचे आश्चर्य प्रामाणिक होते. मात्र त्याचा लोवेलमधील मुक्काम अवघा एका दिवसाचा होता.

आतले काम दिवसाकाठी बारा-तेरा तास चाले. धागा तुटू नये म्हणून हवा दमट राखावी लागे, आणि त्यासाठी भर उन्हाळ्यातही खिडक्या बंद असत. धोट्यात धागा ओवण्यासाठी त्याच्या छिद्राला ओठ लावून श्वासाने तो ओढून घ्यावा लागे, आणि त्या श्वासाबरोबर कापसाची तूसही आत जाई. गिरणीत पुस्तक आणण्यास मनाई होती, म्हणून पुढे कवयित्री झालेल्या लूसी लार्कमने वर्तमानपत्रांतील कवितांची कात्रणे आपल्या खिडकीच्या चौकटीला चिकटवून ठेवली होती. १८४५ मध्ये विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष देताना एका मजूर बाईने सांगितले की, ती काम करते त्या एका दालनात सुमारे १३० स्त्रिया, ११ पुरुष आणि १२ मुले असतात, आणि अंधार असेल तेव्हा तेथे २९३ लहान व ६१ मोठे दिवे लावले जातात. तेलाच्या साडेतीनशे दिव्यांच्या धुरात, बंद खिडक्यांच्या आड, दीडशे माणसे श्वास घेत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे आणि मग त्या पियानोची किंमत ठरवावी.

१८३४ मध्ये मजुरीत कपात जाहीर झाली तेव्हा या मुलींनी काम बंद पाडले. १८३६ मध्ये वसतिगृहाच्या खर्चाचा जादा बोजा त्यांच्यावर टाकण्यात आला तेव्हा पुन्हा त्या बाहेर पडल्या. त्या दुसऱ्या संपात हॅरिएट हॅन्सन नावाची अकरा वर्षांची मुलगी आपल्या दालनातील मोठ्या मुली कचरत आहेत हे पाहून स्वतः पुढे झाली आणि मागोमाग सारी रांग निघाली. याचा हिशेब कंपनीने तिच्या आईशी चुकता केला. आई विधवा, कंपनीचेच वसतिगृह चालवून पोट भरणारी. मोठ्या मुली तुमच्या आटोक्यातल्या नव्हत्या हे मान्य, परंतु स्वतःच्या लेकराला तरी आवरता आले असते, असे सुनावून एजंटाने तिला त्या जागेवरून दूर केले. हे हॅरिएटनेच पुढे म्हातारपणी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ज्या व्यवस्थेला मालक पितृवत् म्हणवीत, तिचा खरा स्वभाव मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा या एका बडतर्फीत अधिक स्पष्ट दिसतो.

साधारण दशकभराने सारा बॅग्ली आणि तिच्या सोबतिणींनी स्त्री-कामगारांची स्वतंत्र संघटना उभारली आणि दहा तासांच्या दिवसासाठी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे दोन हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज गुदरला. ज्यांना मत देण्याचा अधिकारच नव्हता अशांनी सरकारदरबारी दाद मागण्याचा हा प्रकार त्या काळी विलक्षणच होता. समितीचा अध्यक्ष विल्यम शूलर हा लोवेलमधील एका वृत्तपत्राचा मालक. समितीने साक्षी घेतल्या, गिरण्या पाहिल्या, आवारातील हिरवळीची आणि फुलझाडांची वाखाणणी केली, तास फार आहेत हेही अप्रत्यक्षपणे कबूल केले, आणि अखेर असा निर्वाळा दिला की, हा मालक-मजुरांनी आपसात मिटवण्याचा विषय आहे, त्यात कायद्याने पडू नये. फुलझाडे पाहून निकाल देणाऱ्या समित्या कोणत्याच देशाला नव्या नाहीत.

येथवर वाचकाची सहानुभूती लोवेलच्या मुलींकडे वळली असेल तर ती योग्यच आहे, परंतु तागा अजून पुरता उलगडलेला नाही. त्यांच्या मागावर चढणारा कापूस दक्षिणेकडील मळ्यांतून येई, आणि तेथे तो वेचणाऱ्या स्त्रियांना मजुरी, तास, अर्ज यांपैकी एकही शब्द लागू नव्हता. स्वतः दास्य भोगलेल्या सॉलोमन नॉर्थपने १८५३ च्या आपल्या आत्मकथनात लुइझियानातील पॅट्सी या दासीची हकिकत दिली आहे: साधारण माणसाच्या दिवसाच्या कामाचा आकडा दोनशे पौंडांचा, तर तिच्या बोटांची चपळाई अशी की ती पाचशे पौंड वेची. त्या कौशल्याचे तिला मिळालेले फळ एवढेच की, मालकाची वासना, मालकिणीचा मत्सर आणि दोघांच्या वतीने चालणारा चाबूक तिच्या एकटीच्या वाट्याला आला. दासीचे मूल जन्मतःच दास, असा कायदा व्हर्जिनियाने १६६२ मध्ये करून ठेवला होता. त्यामुळे तिचे मातृत्वही मालकाच्या मालमत्तेतच जमा होई. आणि लोवेलला विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचा काही भाग याच मळ्यांवर दासांच्या कपड्यांसाठी परत जाई. उत्तरेकडील मुलगी ज्या मजुरीवर भावाला शिकवीत होती, ती मजुरी या देवघेवीतूनच निघत होती. यात त्या मुलीचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही, आणि दास्याविरुद्धच्या अर्जांवर सह्या करणाऱ्यांत गिरणीतील स्त्रियाही होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता दिवाणखान्याकडे वळू. फिलाडेल्फियाहून निघणारे 'गोडीज लेडीज बुक' हे मासिक १८६० च्या सुमारास दीड लाखांच्या घरात खपत होते, आणि स्त्रीचे स्थान घर, तिचे भूषण शालीनता, तिचे क्षेत्र बाजारापासून अलिप्त, ही त्याची महिन्याच्या महिन्याला चालणारी शिकवण होती. गंमत अशी की, त्या मासिकाच्या संपादिका सारा जोसेफा हेल पाच मुलांना पदरी घेऊन विधवा झालेल्या आणि लेखणीवर संसार चालवणाऱ्या होत्या. आणि १८४१ मध्ये गृहव्यवस्थेवर गाजलेला ग्रंथ लिहिणाऱ्या कॅथरीन बीचर आजन्म अविवाहित राहिल्या. अर्थात, घर हे पवित्र विश्रांतिस्थान ज्यांच्यासाठी होते त्यांच्या घरी चूल पेटवण्यास, पाणी वाहण्यास आणि वर सांगितलेला कपडा धुण्यास कोणी तरी लागेच. १८४५ नंतरच्या दुष्काळाने आयर्लंडमधून देशोधडीला लागलेल्या मुलींनी ही जागा मोठ्या संख्येने भरून काढली. गिरणीत निदान घंटा होती, आणि घंटा झाली की सुटका होती. मालकिणीच्या घरात राहणाऱ्या मोलकरणीला घंटाही नव्हती.

म्हणूनच सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्याकडे मी आदराने पाहतो, पण तो जपून वाचतो. विवाहित स्त्रीने कमावलेल्या मजुरीवरही नवऱ्याचाच हक्क, या अन्यायाचा त्यात स्पष्ट उच्चार आहे. दास्याचा उच्चार नाही, आणि कामाच्या तासांचाही नाही. त्यावर सही करणाऱ्या ६८ स्त्रियांत शार्लट वुडवर्ड नावाची, घरी बसून हातमोजे शिवणारी एक तरुण मुलगी होती. तिच्या कष्टाचा पैसाही तिचा नसे. सही करणाऱ्यांपैकी १९२० चा मताधिकार पाहण्यास तीच एकटी हयात राहिली, आणि प्रकृतीमुळे तिला मतदानास जाता आले नाही. हा प्रसंग भाषणांतून आवर्जून सांगितला जातो. ती हातमोजे शिवत होती, हे मात्र बहुधा गाळले जाते.

लोवेलच्या अर्जदारांनी १८४५ मध्ये मागितलेला दहा तासांचा दिवस मॅसॅच्युसेट्सने गिरण्यांतील स्त्रियांना १८७४ मध्ये दिला, तोवर त्या मागांवर आयरिश व फ्रेंच-कॅनेडियन मुली आलेल्या होत्या. पुढे १९३८ मध्ये साऱ्या देशासाठी किमान मजुरीचा आणि कामाच्या तासांचा कायदा झाला तेव्हा त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळण्यात आले, म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रिया ज्या दोन कामांत मुख्यतः होत्या नेमकी तीच. घरकामगारांना किमान मजुरी १९७४ च्या दुरुस्तीने मिळाली. मालकाच्या घरीच राहणाऱ्या मोलकरणीला मात्र जादा तासांच्या वाढीव मजुरीचा हक्क त्या दुरुस्तीनेही दिला नाही.